कागदाला सा नसतो

पाच रेषा, त्यांच्यामध्ये चार घरं. रेषांवर आणि घरांत काळी-पांढरी टिंबं. काही टिंबांना शेपटी, काही शेपट्यांना झेंडा. पन्नाशी उलटल्यावर हे माझ्या नशिबी आलं. चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरात, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये जेवणाच्या टेबलापाशी गिटार मांडीवर घेऊन, चष्मा नाकावर घट्ट बसवून, मी बोटानं रेषा मोजत बसायचो. रेषा खालून मोजायच्या असतात. मी सुरुवातीला वरून मोजत होतो आणि त्यातून जे काही वाजत होतं ते ऐकून बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"गिटार बिघडली काय?"

"गिटार नाई बिघडली. मी वाचून राह्यलो."

"मंग नका वाचू. आधी बरं वाजवत होते."

हेच तर दुखणं होतं. आधी मी बरं वाजवत होतो. कॉलेजात असताना चंद्रपूरच्या दुकानातून गिटार आणली तेव्हापासून जयंतीच्या मिरवणुका, लग्नं, विहारातले कार्यक्रम, कुरखेड्याच्या पलीकडच्या गावांमधले भीमगीतांचे सामने, सगळीकडे वाजवत फिरलो. कोणाकडे शिकलो नाही. चाल एकदा कानावर पडली की दुसऱ्या वेळी ती माझ्या बोटांत असायची. ज्याला गाणं सांगावं लागतं तो वाजवणारा कसला, असं मी चारचौघांत म्हणत असे. आणि आता अक्षरं गिरवणाऱ्या पोरासारखा 'हे टिंब तिसऱ्या घरात, म्हणजे सी, म्हणजे दुसरी तार, पहिला फ्रेट' असं पुटपुटत होतो. एवढं पुटपुटून होईपर्यंत पुढची चार टिंबं निघून गेलेली असायची.

इथे आमच्याकडच्या वाजवण्याची एक रीत सांगावी लागेल. आमच्याकडे सगळं गायकाच्या गळ्यावर चालतं. गायक आला की पेटीवाला विचारतो, "कुठी धरू?" गायक म्हणतो काळी दोन, की पेटीची दुसरी काळी पट्टी त्या दिवसापुरती सा होते. दुसरा गायक पांढरी चार म्हणाला की सा तिथे जातो. आम्ही बाकीचे त्या सा च्या मागे. गिटारवाल्याकडे त्यासाठी कॅपो असतो. कॅपो म्हणजे दांडीला लावायचा चिमटा. दांडीवर धातूच्या आडव्या रेघा असतात त्या फ्रेट. ज्या फ्रेटवर चिमटा लावाल तिथून गिटार नव्यानं सुरू होते, बोटं तीच ठेवून सूर वर सरकतो. गायक नसेल तर वाजवणाऱ्याचा स्वतःचा गळा. माझा सा काळी एकचा, त्यामुळे घरी माझ्या गिटारला पहिल्या फ्रेटवर कॅपो कायमचाच असायचा. पायात चप्पल घालावी तसा हात तो लावून मोकळा व्हायचा. मला कळायचंही नाही.

मग कानांचं सुरू झालं. आधी घराची बेल ऐकू येईना. बायको म्हणायची, मुद्दाम करता. मग एका पावसाळ्यात संध्याकाळी अंगणात बसलो होतो आणि सहज म्हणालो, "औंदा रातकिडे नाई आले काय?" तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. आमच्या भागात पावसाळ्यात रातकिड्यांमुळे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ते सगळे ओरडत होते आणि माझ्यापर्यंत त्यांतला एकही पोचत नव्हता.

चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांना हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. बऱ्याच वेळा मी नुसता बसून होतो. मग त्यांनी कागद पुढे ठेवला. त्यावर आडव्या रेषा आणि रेषांवर ओळीनं टिंबं. डावीकडे टिंबं बऱ्यापैकी वर होती आणि उजवीकडे जाता जाता ती उतारावरून घरंगळल्यासारखी खाली गेली होती. डॉक्टरांनी समजावून सांगायच्या आधीच मला कळलं. माझ्या आयुष्यात मला वाचता आलेलं पहिलं नोटेशन तेच.

"वडिलांना होतं का असं?"

"होतं."

डॉक्टरांनी मान हलवली. मशीन लावा म्हणाले, हळूहळू आणखी कमी होत जाईल, किती आणि कधी ते सांगता येत नाही. मी बाहेर येऊन मोटरसायकलला किक मारली आणि गाडी सुरू झाली की नाही हे हाताला कळलं, कानांना नाही. त्या वेळी मला डॉक्टरांचं काहीच आठवत नव्हतं. मला बाबा आठवत होते.

बाबा गाणारे होते. चिमूर तालुक्यातल्या आमच्या गावात धानाची शेती करायचे आणि गाणी रचून गायचे. तरुणपणी काळी चारवरून गायचे, माईक नसला तरी शेवटच्या माणसापर्यंत शब्द जायचा. साठीनंतर त्यांना ऐकू कमी येऊ लागलं. मशीन काही त्यांनी लावली नाही. गाणंही सोडलं नाही. काळी दोनवर गाणं धरायचे आणि शेवटच्या कडव्यापर्यंत उतरून पांढरी दोनवर यायचे. पेटीवर या दोन पट्ट्या अगदी शेजारी आहेत, पण कानाला त्यांचं एकमेकींशी पटत नाही. बाबा मधल्या मध्ये कुठेतरी लोंबकळत गायचे आणि त्यांना ते कळायचं नाही. मग पेटीवाला काय करायचा, कडवं संपून मधलं संगीत आलं की गुपचूप सा सरकवायचा. मी कॅपो सरकवायचो. ढोलकीवाला खाली बघून वाजवायचा. समोर बसलेले लोक टाळ्या जोरात वाजवायचे, म्हणजे मधलं काही ऐकू जाऊ नये. म्हाताऱ्या गायकाला चुकलं म्हणायचं नाही, पेटीनं त्याच्या मागे जायचं, हा आमच्याकडचा मान देण्याचा प्रकार आहे. बाबा गेले तेव्हा आपला गळा पूर्वीसारखाच आहे अशी त्यांची खात्री होती. लोक म्हणाले, भाग्यवान माणूस.

मला ते भाग्य नको होतं. मला त्याची भीती वाटत होती. कान आज ना उद्या जाणार हे मी समजून घेतलं असतं. पण मी बेसूर वाजवत बसलोय, सगळ्यांना ते कळतंय आणि सगळे माझ्या प्रेमापोटी जोरात टाळ्या वाजवताहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की अंगावर काटा यायचा. चुकलो तर मला कळलं पाहिजे, एवढीच माझी मागणी होती. ती कानांकडून पुरी होणार नव्हती.

मग मीच हिशोब मांडला. गळ्याला फ्रेट नसतात, गिटारला असतात. तार लावायला दिव्याचा ट्यूनर मिळतो, सूर लागला की हिरवा दिवा लागतो, त्याला कानांची गरज नाही. बोट बरोबर फ्रेटवर पडलं तर सूर बरोबरच येणार, मला ऐकू येवो न येवो. प्रश्न एवढाच की बोट कुठे टाकायचं हे कोणीतरी सांगायला हवं. आजवर कान सांगत होते. आता कागदानं सांगावं. सा रे ग म लिहून घेता आलं असतं, पण सरगम कानाला कळते, त्यातला सा कुठे बसवायचा हे ऐकणाऱ्यालाच ठाऊक. फ्रेटचे आकडे लिहायची टॅब म्हणून एक सोपी पद्धत असते, तीही पाहिली. त्यात कुठे दाबायचं ते कळतं, किती वेळ धरायचं ते नाही. गाणं आधी ऐकलेलं असेल तरच तिचा उपयोग. राहिल्या या पाच रेषा.

आमच्या कॉलनीत एका इंजिनियरची बायको मूळची गोव्याची आहे. लहानपणी चर्चमध्ये व्हायोलिन शिकलेली, कॉलनीतल्या मुलांना नोटेशन शिकवते. मी त्यांना मॅडम म्हणायचो. पहिल्याच दिवशी मी माझं कसब दाखवावं म्हणून एक चाल झोकात वाजवली. त्यांनी शांतपणे ऐकली, म्हणाल्या, "छान. आता हे वाजवा." आणि पुढे पुस्तकातलं पहिलं पान ठेवलं. त्यावर तीन टिंबं होती. मला त्यातलं एक ओळखता आलं.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल बोलायचं तर मी तेवढा चिडलेला क्वचितच असेन. पेटीवर एक सूर एकाच जागी असतो, पट्टी दाबली की विषय संपला. गिटारवर वरच्या घरातलं ते एकच टिंब पहिल्या तारेवर मोकळंही वाजतं, दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरही वाजतं, तिसरीवर आणखी खाली कुठेतरी वाजतं. कागद ते सांगत नाही. "मग मी कुठं वाजवू?" असं विचारलं की मॅडम म्हणायच्या, "पुढचं टिंब बघून ठरवा." पुढचं टिंब बघायला सवड मिळाली असती तर मी तक्रार कशाला केली असती?

त्याहून वाईट म्हणजे माझाच कान माझा वैरी झाला. मशीन लावल्यावर जेवढं ऐकू यायचं तेवढं त्याला पुरत होतं. एखादी ओळ मी अडखळत दोनदा वाजवली की त्याला ती पाठ व्हायची आणि तिसऱ्या वेळी मी डोळे कागदावर ठेवून न वाचताच वाजवायचो. मला वाटायचं मी वाचतोय. मॅडमच्या ते लक्षात आलं. एकदा मी रंगात येऊन वाजवत असताना त्यांनी समोरचा कागद हळूच काढून दुसरा ठेवला. मी आधीचंच वाजवत राहिलो, मानसुद्धा डोलवत. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

"तुम्ही ऐकताय," त्या म्हणाल्या. "वाचत नाही."

मी घरी गेल्यावर कानांतली मशीन काढून टेबलावर ठेवली आणि तसाच सरावाला बसलो. सगळं कापसात गुंडाळल्यासारखं. तारांची थरथर छातीला लागत होती, सूर मात्र धूसर. तेव्हा कुठे डोळे कामाला लागले, कारण त्यांच्याशिवाय कोणी उरलंच नव्हतं. एक ओळ वाचायला संध्याकाळ गेली. बायको येऊन टेबलावर चहा ठेवून गेली, तो निवला.

थोडं जमायला लागलं तशी मॅडमनी दोघांनी मिळून वाजवायची एक छोटी रचना दिली. त्यांचं व्हायोलिन, माझी गिटार. मी ती घरी चांगली घोटली. त्यांच्याकडे गेलो, बसलो, त्यांनी पायानं ठेका दिला आणि आम्ही सुरू केलं. असा आवाज झाला की त्यांच्या घरातलं मांजर सोफ्याखालून उठून बाहेर गेलं. मला वाटलं मॅडम चुकल्या. मी सभ्यपणे वाजवत राहिलो, त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून. त्यांनी व्हायोलिन खाली घेतलं.

"तुम्ही काय वाजवताय?"

"तुम्ही दिलं तेच."

त्या जवळ आल्या. परत वाजवा म्हणाल्या आणि माझी बोटं निरखत राहिल्या. बोटं सगळी बरोबर पडत होती. मग त्यांचं लक्ष दांडीच्या टोकाकडे गेलं.

"हे काय लावलंय?"

"कॅपो."

"का?"

"माझा सा तिथी आहे ना."

"तुम्ही गाणार आहात का?"

"नाई."

"मग तुमच्या सा चं इथे काय काम?"

गाणारा नसला की आपला गळा, हे मला श्वास घेण्याइतकं सरळ वाटत होतं. त्या सी वरून वाजवत होत्या, म्हणजे आमची पांढरी एक. मी एक फ्रेट वर, काळी एकवरून. सगळं बरोबर वाचून सगळंच्या सगळं चूक वाजवत होतो. मी चिडून विचारलं, "मंग मॅडम, या कागदाचा सा कुठी आहे?"

"कागदाला सा नसतो," त्या म्हणाल्या. "टिंब जिथे आहे तिथे आहे. तुमचा गळा, माझा गळा, कोणाचाही त्याच्याशी संबंध नाही. ती क्लिप काढा."

मी क्लिप काढली आणि गिटार उघडी पडल्यासारखी वाटली. घरी आल्यावर बराच वेळ धुसफुसत होतो. ज्याला सा नाही ते संगीत कसलं, गाणाऱ्याला विचारत नाही तो कसला कागद, असं बरंच काही बायकोला ऐकवलं. ती कणीक मळत होती.

"तुमाले वाचाले शिकाचं हाय, का मॅडमले हरवाचं हाय?"

"मले कोणाले हरवाचं नाई."

"मंग तो चिमटा कपाटात ठेवा."

मी कपाटात नाही, गिटारच्या खोळीच्या कप्प्यात ठेवला. तेवढी माघार मला जमली.

पुढे एक दिवस मॅडमना म्हणालो की मला माझ्या वडिलांचं एक गाणं कागदावर उतरवायचं आहे. बाबांचा स्मृतिदिन दरवर्षी गावच्या विहारात होतो, त्यांची गाणी होतात. या वर्षी ते गाणं गिटारवर, नुसती चाल, कागद समोर ठेवून वाजवायचं माझ्या मनात होतं. कान असेपर्यंत ते उतरवून ठेवावं, पुढे कान गेले तरी डोळ्यांनी ते माझ्याकडे राहील. मॅडमना कल्पना आवडली. गाणं मात्र कागदाला आवडलं नाही.

मी गुणगुणायचो, त्या लिहायच्या, मग मी लिहायचो, त्या खोडायच्या. बाबा कडव्याच्या शेवटी श्वास घेण्यासाठी एक सूर मनाला येईल तेवढा ओढायचे. मॅडम टाळीनं चार मात्रा मोजायच्या आणि म्हणायच्या, "हे साडेचार होतंय."

"ते तसंच आहे."

"साडेचार लिहिता येत नाही असं नाही. पण दर वेळी साडेचारच असतं का?"

नसायचं. कधी पाच, कधी सहा, समोर ओळखीचा माणूस दिसला की त्याला हात करून होईपर्यंत. शेवटी आम्ही त्या टिंबावर थांबायची एक खूण काढली. एक अर्धवट गोल आणि त्यात ठिपका. बाबांचा सगळा श्वास त्या ठिपक्यात कोंबला आणि मला वाईट वाटलं. दोन सुरांमधून ते घसरत जायचे, ती घसरगुंडी एका तिरप्या रेघेवर भागवली. प्रत्येक खुणेला मी वाद घातला आणि प्रत्येक वाद हरलो.

मग प्रश्न आला, लिहायचं कुठून. कागदाला एक जागा लागते. बाबांना एक जागा नव्हती. तरुणपणी काळी चार, मग काळी तीन, शेवटी काळी दोनवर धरून पांढरी दोनकडे घसरायचे. कुठल्या बाबांना लिहू? मी घुटमळत होतो. मॅडम म्हणाल्या, "चाल पूर्ण शुद्ध स्वरांची आहे. सी मध्ये लिहा, पेटीवाल्यांनाही एकही काळी पट्टी लागणार नाही. तुम्हाला वाचायला सोपं जाईल." पांढरी एक. बाबा आयुष्यात पांढरी एकवरून गायले नव्हते. मीही कधी तिथून वाजवलं नव्हतं. आमच्या घरात कोणाचाच नसलेला सा घेऊन ते गाणं कागदावर बसलं, आणि मी कॅपो न लावता, मशीन काढून, ते रोज वाचू लागलो. वाचताना बोट एखाद्या फ्रेटनं चुकलं तर डोळ्यांना दिसायचं. कोणी सांगायच्या आधी दिसायचं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी स्वतःवर भयंकर चिडलो आणि लगेच लक्षात आलं की याच चिडण्यासाठी तर हा सगळा खटाटोप.

स्मृतिदिनाला आम्ही सकाळीच गावी गेलो. वंदना झाली, भाषणं झाली, जेवणाच्या आधी गाणी. पेटीवर बाबांच्या हाताखाली तयार झालेलाच माणूस होता, माझ्याच वयाचा, गावच्या शाळेत मास्तर आहे. बाबांचा सा ज्यानं वर्षानुवर्षं गुपचूप सरकवला तो हाच. त्याला मी कागद दाखवला.

"भाऊ, हे काय मुंगळे काढले?"

"बाबाचं गाणं हाय. पांढरी एकवरून वाजवाचं. आज दुसरीकून कुठूनच नाई."

"पांढरी एक?" त्याला आश्चर्य वाटलं, पण तो म्हणाला, "तुमी म्हणसान तसं."

माईक शिट्ट्या मारत होता आणि माझ्या मशीन त्याहून मोठ्या शिट्ट्या मारत होत्या. मी त्या काढून खिशात टाकल्या. दिव्याच्या ट्यूनरनं तारा लावल्या. तेवढ्यात बाबांचे जुने सोबती भेटायला येत होते, कोणी डोक्यावर हात ठेवत होतं, कोणी काही सांगत होतं आणि मी न ऐकता मान हलवत होतो. मग माझं नाव पुकारलं असावं, कारण सगळे माझ्याकडे बघायला लागले. कागद स्टँडवर लावला आणि सुरू केलं.

डोळे पहिल्या टिंबापासून हलू दिले नाहीत. दुसरी ओळ, तिसरी ओळ. बोटं कागदाप्रमाणे पडत होती, तसूभर इकडेतिकडे नाही. थांबायच्या खुणेवर थांबलो, बाबांइतका नाही, पण थांबलो. गिटारची थरथर छातीला लागत होती आणि मला आत कुठेतरी फार बरं वाटत होतं. जमलं, असं वाटत होतं. कडवं संपलं, मधलं संगीत पेटीनं घ्यायचं होतं. मी मान वर केली.

लोक टाळ्या वाजवत होते. ठेक्याच्या नव्हे, जोरजोरात, हात उंच करून. ढोलकीवाला खाली बघत होता. पहिल्या रांगेत बायको बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. मी पेटीकडे पाहिलं. मास्तरची बोटं काळ्या पट्ट्यांवर होती.

या चालीला पांढरी एकवरून एकही काळी पट्टी लागत नाही. ते मला पाठ होतं, मॅडमनी सांगितलं होतं, रोज कागदावर दिसत होतं. मी गिटारच्या दांडीकडे पाहिलं. पहिल्या फ्रेटवर कॅपो होता. कप्प्यातून कधी काढला, कधी लावला, खरंच आठवत नाही. लोक भेटत होते तेव्हा हातानं आपला जुना उद्योग उरकून घेतला असणार. म्हणजे पहिल्या ओळीला पेटी पांढरी एकवर आणि मी काळी एकवर, मॅडमकडे झाला होता तोच आवाज इथे माईकवरून सगळ्या गावानं ऐकला. माझ्याशिवाय सगळ्यांनी. आणि मास्तरनं एका शब्दानं न बोलता सा सरकवून माझ्याखाली आणून ठेवला, जसा तो बाबांसाठी सरकवत असे.

मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. माझ्या हाताचा, त्या टाळ्यांचा, मास्तरच्या मायेचा. बाबांच्या जागेवर मला त्यांनी इतक्या प्रेमानं बसवलं होतं की मला कळायलाही नको होतं. मी हात वर केला. ढोलकी थांबली, टाळ्या थांबल्या असाव्यात, कारण हात खाली आले. मी कॅपो काढून खिशात टाकला, खिशातून मशीन काढून कानांत बसवल्या. माईकची शिट्टी डोक्यात घुसली.

"माह्यं चुकलं," मी माईकवर म्हणालो. "पयल्यापासून."

मास्तर पेटीवर वाकून हळू आवाजात म्हणाला, "राहू द्या ना भाऊ. चांगलं चालून राह्यलं होतं."

"नाई चालून राह्यलं होतं," मी म्हणालो. "तुले ऐकू आलं होतं. मले सांगत जा."

बाबांच्या फोटोकडे त्याची नजर गेली आणि परत आली. मग त्यानं भाता ओढला आणि मी सुरू करायच्या आधी त्याच्या बोटांकडे पाहिलं. ती पांढऱ्या पट्ट्यांवर होती.